वक्रमार्गावरील सुरक्षित वेगाचा निर्णय

वाहनास वळणावर वर्तुळमार्गी ठेवण्यासाठी लागणारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ती दोन मार्गांनी मिळते : रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवून साधलेला आडवा उतार, आणि टायर व रस्ता यांमधील पार्श्विक घर्षण. 'इंडियन रोड्स काँग्रेस'च्या मानकांनुसार सपाट प्रदेशात आडवा उतार जास्तीत जास्त ०.०७ व घर्षणांक ०.१५ धरतात. ताशी किलोमीटरमधील वेगाच्या वर्गास मीटरमधील त्रिज्येच्या १२७ पटीने भागले असता येणारी राशी या दोहोंच्या बेरजेहून, म्हणजे ०.२२ हून, अधिक नसावी. १०० मीटर त्रिज्येच्या वळणास यावरून ताशी सुमारे ५३ किलोमीटर वेग येतो.

मात्र ०.१५ ही टायर घसरण्याची सीमा नव्हे. कोरड्या रस्त्यावर याच्या कित्येक पट घर्षण उपलब्ध असते. ही मर्यादा मुख्यतः प्रवाशाच्या स्वास्थ्यावरून ठरलेली आहे. अमेरिकेत रॅम्पवरील सूचक वेग ठरविताना मोटारीत द्रवपूर्ण वक्र नळी बसवून तीतील गोळीचे विचलन मोजण्याची पद्धत आहे. तेथील २००९ च्या नियमपुस्तिकेत ताशी ३५ मैल व त्यावरील वेगांसाठी १२ अंशांचे विचलन ग्राह्य मानले आहे.

या सवलतीतच धोका दडलेला आहे. वरील वळणावर वेग ताशी ७५ किलोमीटर झाला, तर आवश्यक घर्षण सुमारे ०.३७ होते. कोरड्या रस्त्यावर मोटार तेथून सुखरूप जाते आणि फलकावरील आकडा अतिसावध आहे, अशी चालकाची समजूत दृढ होते. मालमोटारीची गोष्ट निराळी. तिची उलटण्याची सीमा चाकांमधील निम्मे अंतर व गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. स्प्रिंगा व टायर दबल्याने ती आणखी घटते. उंच भरलेल्या मालमोटारीत ती ०.३५ च्या आसपास येऊ शकते. अशी गाडी घसरण्यापूर्वीच उलटते. चालकास पूर्वसूचना जवळजवळ मिळतच नाही.

त्यात दृष्टिभ्रमाची भर पडते. दीर्घकाळ वेगाने आलेल्या चालकास कमी केलेला वेग प्रत्यक्षाहून अल्प भासतो. म्हणून रॅम्पवर अंतर्ज्ञानापेक्षा वेगमापक अधिक विश्वसनीय होय. शिवाय ब्रेक लावण्यासही तेच घर्षण खर्च होत असल्याने वेग वळणापूर्वीच, सरळ भागात, उतरविणे इष्ट ठरते. ओल्या रस्त्यावर ही शिस्त मोटारीलाही तितकीच लागू होते. सारांश, फलकावरील आकडा सर्व वाहनांस समान असला, तरी त्यामागील सुरक्षिततेचे अंतर समान नसते.