विमानातला आवाज आणि आपले कान

विमानातून उतरल्यावर ‘कानाला दडे बसले’ अशी तक्रार बाह्यरुग्ण विभागात नेहमीच ऐकू येते. दडे बसतात ते हवेच्या दाबातील बदलामुळे. आवंढा गिळला, जांभई दिली की ते बहुधा सुटतात. पण त्याच प्रवासात कानावर सतत आदळणाऱ्या आवाजाबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

उंचावरून उडणाऱ्या जेट विमानाच्या केबिनमध्ये साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज असतो. तो सगळा इंजिनाचा नसतो. ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने विमानाच्या अंगाला घासून जाणारी हवा त्याचे कवच थरथरवते आणि ती थरथर आत आवाज होऊन येते.

मग भिंती जाड का करत नाहीत? कारण भिंतीचे वजन दुप्पट केले, तरी आवाज जेमतेम ६ डेसिबलने घटतो. आणि वाढलेल्या प्रत्येक किलोमागे इंधन जळते. म्हणून आवाजानेच आवाज मारण्याची युक्ती पुढे आली. मायक्रोफोन आवाज टिपतो, स्पीकर त्याच्या नेमकी उलटी लहर सोडतो आणि दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. या कल्पनेचे अमेरिकी पेटंट जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये मिळाले. १९९० च्या दशकात साब आणि डॅश-८ या पंख्याच्या विमानांत ती वापरात आली. पंख्याची घरघर एकसुरी, त्यामुळे खोडायला सोपी. जेटमधला सोसाटा मात्र विस्कळीत असतो. म्हणून आता आसनाच्या डोके टेकण्याच्या जागी स्पीकर बसवून फक्त प्रवाशाच्या कानांभोवती आवाज कमी करण्याचे प्रयोग सुरू आहेत.

पुणे-दिल्ली या सुमारे दोन तासांच्या प्रवासात केबिनच्या आवाजाने कान बिघडत नाहीत. धोका वेगळाच आहे. त्या आवाजावर मात करून गाणी ऐकण्यासाठी आपण मोबाइलचा आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. म्हणजे दिल्लीला जाऊन-येऊन आठवड्याचा कोटा संपला! आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

उपाय सोपे आहेत. आवाज खोडणारे हेडफोन असतील तर उत्तम. मग आवाज वाढवावा लागत नाही. नसतील, तर औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घाला आणि सुरक्षेच्या सूचनांच्या वेळी काढा. जागा निवडता आली, तर इंजिनाच्या पुढची घ्या.

हवाई कर्मचाऱ्यांसाठी मात्र हीच केबिन रोजची कामाची जागा आहे. त्यांनी वर्षातून एकदा श्रवण तपासणी करून घ्यावी. प्रवासानंतर कानात होणारी गुणगुण दोन दिवसांत थांबली नाही, तर कोणीही कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.