ठाण्यातला काळोख

अनुराग कश्यपचा 'अग्ली' 26 डिसेंबर 2014 रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी तो 2013 मध्ये कान महोत्सवात दाखवून झाला होता आणि पडद्यावरच्या धूम्रपानाच्या इशाऱ्यावरून दिग्दर्शक हायकोर्टापर्यंत गेला होता. म्हणजे अपेक्षा भरपूर होत्या, आणि त्या उगाच नव्हत्या.

मुंबईच्या पोलीस ठाण्यातला काळोख पडद्यावर आणण्यात मराठी हात आधीपासून होते. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन: 1983 चा 'अर्धसत्य'. त्यातला अनंत वेलणकर एका किरकोळ चोराला कोठडीत मरेस्तोवर मारतो आणि प्रकरण निस्तरायला, ज्याला गजाआड करायचं होतं त्याच रामा शेट्टीच्या दारात जातो. याहून विदारक काय असणार? पण वेलणकरकडे गमावण्यासारखं काहीतरी होतं. दारूपायी वाया गेलेला, निलंबित लोबो समोर आला की तो चरकतो, कारण उद्या आपलीही हीच गत. वेलणकर झालेल्या ओम पुरीचं ते चरकणं आपल्यालाही लागतं.

1998 च्या 'सत्या'चा कश्यप सहलेखक. त्यातला गुंड भिकू म्हात्रे माणसं मारायचा आणि घरी येऊन बायकोशी, प्यारीशी, कडकडून भांडायचा. गुंडांना डोक्यावर घेतलं, असा आक्षेप तेव्हा निघाला. तो अगदीच खोटा नव्हता. तरीही भिकू मेल्यावर चुटपुट लागायचीच.

'अग्ली'ची सुरुवात मात्र अस्सल. दहा वर्षांची कली बापाच्या गाडीतून गायब होते. बाप आणि त्याचा मित्र ठाण्यात तक्रार द्यायला जातात, तर गिरीश कुलकर्णीचा इन्स्पेक्टर जाधव विचारत बसतो, फोन आला की स्क्रीनवर फोटो कसा काय येतो? प्रश्नावर प्रश्न, आवाज शांत, घाई शून्य. बापाचा जीव टांगणीला आणि साहेबांना कुतूहल. हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते. एवढं नेमकं ठाणं हिंदी सिनेमात क्वचितच दिसलं असेल.

मग चित्रपट घसरतो. मुलीचा पत्ता कुणालाच नाही आणि तिच्या नावावर पैसे उकळायला आईपासून मामापर्यंत सगळे तयार! एक लोभी निघाला तर धक्का बसतो. चौथ्याच्या वेळी आपण पुढचा कोण एवढंच मोजतो. सावत्र बाप असलेला पोलीस अधिकारी मुलीपेक्षा कॉलेजातला जुना हिशेब चुकता करण्यात गुंतलेला. शेवटी कलीचा कुजलेला मृतदेह दाखवला जातो, तेव्हा दुःखापेक्षा रागच जास्त येतो. पोरगी जिवंत असताना तिच्याकडे बघायला या चित्रपटालाही कुठे वेळ होता?

2016 च्या 'रमन राघव 2.0' मध्ये हेच पुन्हा झालं. खुन्याच्या बहिणीच्या घरातला प्रसंग, त्यातली अमृता सुभाषची भेदरलेली नजर, अंगावर काटा आणते. नंतर खुनी आणि पोलीस एकाच माळेचे मणी, हे पटवण्यात उरलेला चित्रपट जातो. खुनी झालेला नवाझुद्दीन ते तोंडानेही सांगतो; तोवर ते आपल्याला केव्हाच कळलेलं असतं.