गर्भाशयाचे कार्य उकलणाऱ्या शास्त्रज्ञ : डॉ. अ‍ॅन मॅक्लॅरन

चांगले वासरू निपजावे म्हणून आपण वळू पारखून घेतो. परंतु वासरू ज्या गर्भाशयात वाढते, त्याचाही वासराच्या घडणीत काही वाटा असतो काय? हा प्रश्न प्रयोगाच्या कसोटीस लावणाऱ्या शास्त्रज्ञांत डॉ. अ‍ॅन मॅक्लॅरन ह्यांचे स्थान मोठे आहे.

त्यांचा जन्म २६ एप्रिल १९२७ रोजी लंडन येथे झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राणिशास्त्राचा अभ्यास करून १९५२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे पती डोनाल्ड मिकी ह्यांच्यासह त्यांनी लंडनमध्ये उंदरांवर संशोधन आरंभिले. उंदरांच्या काही वाणांत कमरेचे मणके बहुधा ५, तर काहींत ६ असतात. एका वाणाचे फलित बीज दुसऱ्या वाणाच्या मादीच्या गर्भाशयात वाढविले असता, पिलांच्या मणक्यांच्या संख्येचा कल त्या पालक मादीकडे झुकलेला आढळला. अनुवंश जन्मदात्यांचा असला, तरी गर्भाशयाचा प्रभाव हाडांच्या घडणीपर्यंत पोहोचतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

१९५८ साली त्यांनी व जॉन बिगर्स ह्यांनी उंदराचे कोवळे गर्भ शरीराबाहेर, काचेच्या पात्रात, सुमारे दोन दिवस वाढवून पालक मादीच्या गर्भाशयात ठेविले आणि त्यांपासून जिवंत पिले मिळविली. १९७८ साली जन्मलेल्या पहिल्या परीक्षानळी बालकापर्यंत पोहोचणाऱ्या वाटेवरील हा एक महत्त्वाचा टप्पा होय.

१९७४ ते १९९२ ह्या काळात लंडन येथील सस्तन प्राण्यांच्या गर्भवाढीविषयीच्या संशोधन विभागाच्या त्या संचालिका होत्या. १९९१ साली रॉयल सोसायटीच्या परराष्ट्र चिटणीस होऊन, त्या संस्थेच्या सुमारे ३३० वर्षांच्या इतिहासातील पहिल्या महिला पदाधिकारी होण्याचा मान त्यांनी मिळविला. ७ जुलै २००७ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

आज उत्तम गाईचा सुमारे सात दिवसांचा गर्भ काढून तो साधारण गाईच्या गर्भाशयात वाढविता येतो. अशा वासराचा अनुवंश उत्तम गाईचा असतो. पोषण मात्र पालक गाईकडूनच मिळते. उंदरावरील निष्कर्ष गाईस जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. तथापि गर्भाचे पोषण गर्भाशयातच होते, ही गोष्ट दोहोंस सारखीच लागू आहे. गर्भाची वाढ शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत झपाट्याने होते. म्हणून गाभण गाय विण्यापूर्वी सुमारे दोन महिने आटवावी व तिला पुरेसा चारा, खुराक व क्षारमिश्रण द्यावे. वळूची निवड जितक्या काळजीने करावयाची, तितकीच काळजी गाभण गाईचीही घ्यावयास हवी, हे ग्रामसेवकांनी शेतकरी बंधुभगिनींना आवर्जून समजावून द्यावे.