केर, खरकटे आणि कठौंद्याची भट्टी

नगरपालिकांनी ओला आणि सुका हे शब्द रुजवण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी घरांत टाकाऊ वस्तूंची वर्गवारी होत आली आहे. झाडून निघतो तो केर, ताटात उरते ते खरकटे, देवावरून उतरते ते निर्माल्य आणि ज्याचे अजून चार पैसे येतात ते रद्दी-भंगार, असे हे वर्ग असून ते विटाळ आणि विक्रीमोल या दोन कसोट्यांवर पडलेले आहेत. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 ने तिसरीच कसोटी आणली. वस्तू कुजते की नाही, आणि ती घातक आहे का, एवढेच हे नियम विचारत. जबलपूरसारख्या शहरात, जिथे 1956 पर्यंत नागपूर हीच प्रांताची राजधानी असल्याने मराठी कुटुंबे जुनी आहेत, या कसोट्या एकाच स्वयंपाकघरात नांदतात आणि घोटाळा तिथेच होतो.

दुधाच्या पिशवीचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्यासाठी जपून ठेवली जाते, म्हणजे घर आपल्या परीने काटेकोरच असते. पण कात्रीने उडवलेला तिचा नखाएवढा तिकोनी कोपरा ओट्यावरून भाजीच्या देठांसोबत ओल्या डब्यात जातो, कारण त्याला ना विटाळ ना मोल. खत तयार झाल्यावरही तो जसाच्या तसा सापडतो. निर्माल्याची गत याच्या उलट होते. ते कुजणारे, खताला उत्तम. परंतु ते पायदळी येऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ग्वारीघाटावर नर्मदेला वाहण्याची सवय आहे. श्रद्धेने फुलांची काळजी घेतली, पिशवीची घेतली नाही.

रद्दी, बाटल्या, पत्रा असा चांगला जळणारा किंवा विकला जाणारा माल घरातूनच निघून गेल्यावर नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, गाडीत उरते ते बहुतांशी ओले. असा कचरा जाळण्यासाठी शहराच्या हद्दीवरील कठौंदा येथे 2016 मध्ये कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प सुरू झाला; त्याची क्षमता दररोज सुमारे 600 टन कचरा जाळून 11 मेगावॅटहून अधिक वीज निर्माण करण्याची ठरवली होती. येथे उष्मांकमूल्य, म्हणजे एक किलो पदार्थ जळून मिळणारी उष्णता, निर्णायक ठरते. 2016 च्या उपरोक्त नियमांनुसार 1500 किलोकॅलरी वा अधिक मूल्याचा, पुनर्वापरात न येणारा कचरा जमिनीत न पुरता ऊर्जेसाठी वापरावा लागे; पण कचऱ्यातील एक किलो पाण्याची वाफ करण्यातच सुमारे 600 किलोकॅलरी खर्च होतात. कलिंगडाच्या साली भट्टीत घालणे म्हणजे चुलीत पाणी ओतण्यासारखेच आहे.

गाडी दारी येते की नाही हे कळावे म्हणून जबलपुरात घरांवर आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवणारे टॅग, लावण्यात आले. व्यवस्था उपयुक्त खरी, पण टॅग फक्त गाडीची फेरी नोंदवतो. डब्यात काय होते, हे त्याला कळत नाही. ते ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असते. तेव्हा वाचकांनी उद्या सकाळी दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नये, तो पिशवीलाच लटकू द्यावा.