वातावरण 'आणि' अवकाश

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात 'वातावरण आणि अवकाश विज्ञान' असा एक विभाग आहे. आपण भाषेचे विद्यार्थी, त्यामुळे माझी नजर आधी त्या 'आणि'वर गेली. पाऊस-वारा खाली, उपग्रह वर. मग दोन्हींची पीएचडी एकाच छपराखाली कशी?

याचं उत्तर केरळातल्या थुंबा गावापासून समजून घेता येतं. समुद्रकिनारा, मच्छीमारांची वस्ती आणि सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च. चुंबकीय विषुववृत्त इथून अगदी जवळ, म्हणून विक्रम साराभाईंना हीच जागा हवी होती. बिशपांनी संमती दिली, वस्ती हलली, चर्चमध्ये ऑफिस थाटलं आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी इथून पहिलं रॉकेट उडालं. श्रद्धा आणि विज्ञानाच्या मैत्रीची गोष्ट म्हणून आपल्याकडे हे कौतुकानं सांगतात. ते ठीकच, पण घर आणि वेदी दोन्ही सोडून गेलेल्या माणसांचा उल्लेख एका ओळीत आटोपतो, हे मला खटकतं.

चुंबकीय विषुववृत्तावर मोकळी टांगलेली चुंबकसुई खाली-वर न झुकता आडवी राहते. या रेषेवर, जमिनीपासून साधारण १०० ते ११० किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा जोरदार प्रवाह पूर्वेकडे वाहतो. उंची मोठी अडनिडी. फुगा तिथवर पोचत नाही, उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. उरतं ते छोटं रॉकेट, तेही काही मिनिटांपुरतं.

सूर्य मावळल्यावर आणखी वर, विद्युतभारित वायूच्या थरात, बुडबुडे उठतात. त्यातून येणारे उपग्रहाचे संदेश थरथरतात, जीपीएस गडबडू शकतं. पण एका संध्याकाळी बुडबुडे उठतात आणि दुसऱ्या दिवशी, सगळं तसंच दिसत असताना, उठत नाहीत. का? खालच्या हवेतल्या लाटा वर चढून यात हात घालतात का? हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. तो 'आणि' इथे बसतो.

पीएचडी म्हणजे अशा कोड्याचा एक लहानसा तुकडा घेऊन काही वर्षं त्याच्याशी झुंजणं. त्यासाठी भौतिकशास्त्र किंवा वातावरणशास्त्रात एम.एस्सी., मग नेट, गेट, जेस्टसारखी परीक्षा आणि मुलाखत. नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये (हा दर २०२३पासूनचा). रॉकेटचं स्वप्न बघणाऱ्यांना आधीच सांगते, बहुतेक दिवस रडार आणि उपग्रहांच्या आकड्यांत, स्क्रीनसमोर जातात. प्रोग्रामिंग आलंच पाहिजे, बी.एस्सी.वाल्यांनी ते आत्ताच शिकायला घ्यावं.

तिरुवनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी, अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, पुण्याची आयआयटीएम ही यातली मोठी ठिकाणं. आपल्या गोव्यात वास्कोलाही ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. अंटार्क्टिकाचा अभ्यास तिथे चालतो. थुंब्याचं ते चर्च आता अंतराळ संग्रहालय आहे.