विशेष शाळा निवडताना

मागील वर्षी पहिलीतील एका मुलाच्या आईवडिलांना आम्ही शाळेत बोलावले होते. मुलगा वर्गात बोलत नसे, सांगितलेले करत नसे. ‘याला विशेष शाळेत घाला’ असे सांगून आम्ही मोकळे झालो. पुढे एका ठिकाणी त्याची बुद्धिमापन चाचणी झाली. चित्रे दाखवून इंग्रजीत नावे विचारली, तो गप्पच राहिला आणि बुद्ध्यंक फार कमी आला. घरी आजीने तशीच चित्रे समोर ठेवली, तेव्हा मात्र कात्री, छत्री, चमचा अशी नावे त्याने भराभर सांगितली. नंतर कानांची तपासणी केली, तेव्हा त्याला कमी ऐकू येते असे कळले. शांत घरात जवळ बसलेल्या आजीचे बोलणे त्याला समजत होते, वर्गातील गोंगाटात आमचे समजत नव्हते. आज तो श्रवणयंत्र लावून दुसरीत पहिल्या बाकावर बसतो.

याउलट उदाहरणही आमच्याच शाळेतील आहे. लोक काय म्हणतील, या धास्तीने एका मुलीला पालकांनी पाचवीपर्यंत इथेच ठेवले. आम्हीही तिला वरच्या वर्गात ढकलत राहिलो. मागच्या बाकावर तिची पाच वर्षे गेली. विशेष शाळेत गेल्यावर दोन वर्षांत ती स्वतः वेणी घालू लागली, दुकानातून दूध आणून सुटे पैसे मोजून घेऊ लागली.

या दोन मुलांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली. आधी मूल नीट समजून घ्यावे, मग शाळा ठरवावी.

पहिली पायरी तपासणीची. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कान व डोळे आधी तपासून घ्यावेत. सिकंदराबादजवळ बोवेनपल्लीला बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून काम करते. मुंबईच्या अली यावर जंग वाक्-श्रवण संस्थेचे विभागीय केंद्रही सिकंदराबादला आहे. बुद्धिमापन मुलाला कळणाऱ्या भाषेतच व्हावे, असा आग्रह धरावा. मराठी जाणणारे तज्ज्ञ नसतील, तर घरची भाषा मराठी आहे हे अहवालात नोंदवून घ्यावे.

प्रत्येक मुलाला विशेष शाळा लागतेच असे नाही. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असलेली बहुतेक मुले योग्य मदतीने सर्वसामान्य शाळेत शिकतात. सीबीएसईच्या परीक्षेत अशा प्रमाणित विद्यार्थ्यांना तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो, लेखनिकही घेता येतो. बौद्धिक दिव्यांगत्व अधिक असेल, स्वमग्नतेमुळे मोठा वर्ग सोसत नसेल किंवा मुलाला सांकेतिक भाषा बोलणारे सोबती हवे असतील, तर विशेष शाळेचा विचार जरूर करावा. सर्वसामान्य शाळेतच राहून विशेष शिक्षकाची मदत घेणे, हा मधला मार्गही आहे. एकदा घेतलेला निर्णय कायमचा नसतो. दरवर्षी त्याचा फेरविचार करावा.

कायदाही पालकांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे. ज्या मुलाचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित झाले आहे, त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ कार्ड वेळीच काढून ठेवावे.

शाळा पाहायला स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नये, कामाच्या साध्या दिवशी जावे. विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शैक्षणिक आराखडा लेखी असतो का, आणि पालकांना दाखवतात का? वाचा-उपचार, व्यायामोपचार यांची सोय आहे का? मूल चिडले, रडले तर काय करतात? स्वच्छतागृहे कशी आहेत? अठरा वर्षांनंतर कामाचे शिक्षण मिळते का? या प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. वर्गात तासभर बसू देत नसतील, तर कारण विचारावे. हैदराबादच्या रहदारीत रोज तीन तास बसमध्ये काढावे लागणार असतील, तर उत्तम शाळासुद्धा त्या मुलाच्या उपयोगाची नाही.

एक गोष्ट आपल्यासारख्या घरांसाठी. ‘मूल उशिरा बोलते, मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा’ असा सल्ला अनेकांना मिळतो. स्वमग्न मुले आणि डाउन सिंड्रोम असलेली मुले यांच्यावर झालेल्या अभ्यासांत, दोन भाषा कानावर पडल्याने मूल आणखी मागे पडते असे आढळलेले नाही. आजीची गोष्ट, आईचे रागावणे, भावंडांची थट्टा ही ज्या भाषेत चालते, ती काढून घेतली तर मूल घरातच परके होते. शाळेत तेलुगू, हिंदी वा इंग्रजी असो, घरी मराठी बोलत राहावे.

विद्यार्थ्यांनो, तुमचा एखादा मित्र वेगळ्या शाळेत गेला, तरी त्याच्या वाढदिवसाला जरूर जा. विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, शाळेत निदान एक विशेष शिक्षक नेमावा आणि तळमजल्यावर उतार बांधावा. पालकांनी शंका मनात ठेवू नये, वर्गशिक्षकांकडे निःसंकोच यावे. ‘दुसरीकडे न्या’ असे सांगण्याची घाई आम्ही पुन्हा करणार नाही.