सूर्यास्तापूर्वीचा पिझ्झा

पिझ्झा म्हटला की जैन गृहिणीपुढे तीन प्रश्न उभे राहतात : सॉसमधील कांदा-लसूण, पावातील यीस्ट आणि चीजमधील रेनेट. रेनेट वासराच्या जठरातूनही काढतात. म्हणून वेष्टनावरील हिरवे चिन्ह पाहावे, अथवा लिंबू पिळून घरीच पनीर करावे. ताज्या कणकेची जाडसर पोळी एका बाजूने भाजावी. ४ टोमॅटो हिंग-मिरपूड घालून आटवावेत. भाजलेल्या बाजूवर हा सॉस पसरून ढोबळी मिरची, मका, पनीर रचावे व झाकण ठेवून मंद आचेवर ५ मिनिटे ठेवावे. पेढीवरून परतलेली मंडळी चौविहारापूर्वी तृप्त होतात आणि 'आपल्याला चालत नाही' एवढेच उत्तर मुलांच्या वाट्याला येत नाही.